दाढीनंतरची आग

बाबा, आज सकाळी तुमच्या नातीचा नागपूरहून फोन आला. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती, आता तिथे हॉस्टेलवर राहून शिकते. मी तांदूळ निवडत बसले होते. तिच्या आजूबाजूला मैत्रिणींचा गलका चाललेला आणि त्या गलक्यातच ती मोठ्याने विचारते, "आत्या, हनुवटीवरून रेझर फिरवला, आता खूप झोंबून राहिलं, काय लावू?" मी सांगितलं, आधी थंड पाणी मार, चोळू नको, टॉवेलने नुसतं टिपून घे. कापलं असेल तेवढ्याच जागी ओली तुरटी टेकव आणि परत धुऊन टाक. कोरफडीचा गर मिळाला तर तो लाव, नाही तर खोबरेल तेलाचं एक बोट पुरे. पावडर नको, वासाचं काही नको, आणि दिवसभर तिथे बोटं फिरवत बसू नको. ती बरं म्हणाली. मागे कोणीतरी हसलं, तीही हसली, फोन ठेवून दिला. आपल्या घरात हा प्रश्न असा उघड पहिल्यांदाच विचारला गेला, हे त्या पोरीला ठाऊकही नाही. तिच्या बापाने तिला तुमच्याबद्दल सगळं चांगलंच सांगितलं आहे. मीही कधी त्यात भर घातली नाही. पण फोन ठेवल्यावर तांदूळ तसाच राहिला आणि मी हे लिहायला बसले.

सानगडीच्या घराची ती सपरी, म्हणजे पडवी, मला अजून जशीच्या तशी दिसते. पुढे दुकान, मागे हातमाग, आणि मध्ये सपरीत उजेडाकडे तोंड केलेली तुमची खुर्ची. आई गरम पाण्याचा गिलास आणून ठेवते. तुम्ही ब्रशने फेस काढता, एकदा सरळ दाढी करता, मग परत फेस लावून उलटा हात फिरवता. गालावर एक खुंट राहिलेला तुम्हाला चालत नाही. मग तुरटी, मग थंड पाणी, आणि शेवटी त्या हिरव्या बाटलीतलं लोशन दोन्ही तळहातांवर घेऊन गालांवर चापट्या. त्याचा वास मागच्या मागांपर्यंत जातो आणि विणकर समजतात, मालक आता दुकानात येणार. तुमचा तो गाल म्हणजे तुमच्या धंद्याचा भाग होता. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून बाया आल्या की तुम्ही लुगड्याची घडी उलगडून आधी स्वतःच्या गालाला लावत होता आणि म्हणत होता, गालाले लावून पाहा बाई, टोचलं तर पैसे नको देजो. बाया लाजत, हसत, आणि घेऊन जात. एवढा तुकतुकीत गालाचा माणूस आसपासच्या गावांत नव्हता, हे मी आजही कबूल करते.

मला सतराव्या वर्षी हनुवटीवर केस यायला लागले. आधी चारदोन, मग जबड्याच्या कडेने सगळीकडे. आई बेसन-हळद लावून खालून वर घासायची, चामडी सोलेपर्यंत. तुम्ही पहिले काही महिने काही बोलला नाहीत. मग एका बाजाराच्या दिवशी मी तुमच्यासाठी चहा घेऊन दुकानात आले, तेव्हा एक बाई दोन लुगड्यांत अडकून बसली होती, कोणतं घ्यावं म्हणून. तुम्ही माझी हनुवटी धरली, तोंड तिच्याकडे वळवलं आणि म्हणालात, "हे पोतं आन हे लुगडं. हात लावून पाहा, फरक समजते." त्या बाईने खरंच हात पुढे केला. तिची बोटं माझ्या गालापर्यंत आली, मग तिने माझे डोळे पाहिले असावेत, तिने हात मागे घेतला. लुगडं मात्र घेतलं. तुम्ही चहा प्यायलात आणि रिकामा कप माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी दुकानात यायचं टाळायला लागले आणि तुम्ही मला मुद्दाम हाक मारायला लागलात.

मग पवनीकडचे लोक मला पाहायला येणार होते ती सकाळ. मुलगा शिकलेला होता, घरचे माग होते, तुम्हाला ते स्थळ फार हवं होतं. आईने बेसन कालवून ठेवलं होतं. तुमची दाढी आटोपली होती, गालांवर लोशनची चमक होती, आणि तुम्ही मला हाक मारली. मी सपरीत आले तर खुर्ची रिकामी, तुम्ही तिच्यामागे उभे. "बस," तुम्ही म्हणालात. मला वाटलं काही बोलायचं असेल. मी बसले. तुम्ही आईला आरसा धरायला लावला आणि माझ्या तोंडाला फेस फासला. फेस गार झालेला होता, तुमच्याच वाटीतला. ब्लेडही तेच, तुमच्या दाढीने बोथट झालेलं. मी उठायला गेले तेव्हा तुम्ही खांदा दाबला आणि म्हणालात की हलली तर कापेल आणि मग मला सांगू नको. मी हलले नाही. तुम्ही सरळ हात फिरवलाच नाही, एकदम उलटा. जबड्याखाली दोन जागी कापलं. मला आरशात माझं तोंड दिसत होतं आणि आरशाच्या कडेवर आईची बोटं दिसत होती, आणि ती थरथरत नव्हती. तेही मी पाहून घेतलं.

धुतल्यावर मला वाटलं, संपलं. तुम्ही बाटली उघडली. तुमच्या तळहातांवर सवयीने घेता तेवढंच घेतलंत आणि दोन्ही गालांवर चापट्या मारल्या, जसं स्वतःला मारता तसं. बाबा, ती आग मी शब्दांत नाही सांगू शकत. तोंडातून आवाज निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चूप. मर्द लोक रोज लावते." मग आईने वरून पावडर फासली. पाहुणे यायला अजून वेळ होता. मी आतल्या खोलीत पंख्याखाली बसून राहिले आणि माझा चेहरा पावडरखाली फुगत गेला. जबड्याच्या कडेने लाल पुटकुळ्या उठल्या, कापलेल्या दोन्ही जागा ओल्या झाल्या आणि पावडर तिथे चिखलासारखी बसली. आईने एकदा डोकावून पाहिलं. तिला दिसलं होतं. ती म्हणाली, मान खाली ठेवजो म्हणजे झालं.

मान कितीही खाली ठेवली तरी माणसाला चेहरा वर करायला सांगतातच. मुलाची मामी माझ्या समोर बसली होती, वयाने मोठी, स्वभावाने बरी वाटली. तिने काळजीनेच विचारलं, "काय झालं जी पोरीच्या चेहऱ्याले?" मी तुमच्याकडे पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं तुम्ही उष्णतेचं काहीतरी सांगाल, घामोळ्या म्हणाल, काही खाण्यात आलं म्हणाल. तुम्ही रोज दहा गिऱ्हाइकांना दहा कारणं सांगणारा माणूस. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "चोरून माया रेझर चालवला इनं. सांगतलं असतं तं पार्लरमंदी नेलं असतं. अक्कल कमी आहे, बाकी कामाले चांगली आहे." मग त्यांच्यातला एक म्हातारा पान चघळत म्हणाला, "मंग नवराबायकोले एकच आरसा पुरन का जी?" आणि सगळे हसले. मुलगा आपल्या पायांकडे पाहून हसला. तुम्ही सगळ्यांत उशिरापर्यंत हसत होता. आई दारात ताट घेऊन उभी होती, तिने ताट ठेवलं आणि रिकामी भांडी घेऊन आत गेली. पाहुण्यांनी नाश्ता पूर्ण केला, दुकानात जाऊन दोन लुगडीही पाहिली, आणि कळवतो म्हणून गेले.

कळवलं नाही. पण जाता जाता गोष्ट मागे ठेवून गेले आणि ती गावभर झाली. मी नळावर गेले की पोरं गालावर हात फिरवून दाखवायची. मला ताप चढला, जबड्याला पू झाला, मी कितीतरी दिवस गार जमिनीवर गाल टेकून झोपले. डाव्या बाजूचे ते काळे डाग अजून आहेत. हे सगळं मी समजू शकते, बाबा. पाहुण्यांपुढे तुम्ही घाबरलात, लाज वाचवायला खोटं बोललात, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण ताप उतरल्यावर एके सकाळी मी सपरी झाडत होते, तुम्ही दाढी करत होता, घरात तिसरी फक्त आई होती, आणि तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणालात, "आता माया सामानाले हात नको लावजो." आपण तिघेच होतो. तिघांनाही ठाऊक होतं. आणि तरी तुम्ही ते म्हणालात, आणि आई फुंकणी घेऊन चूल फुंकत राहिली. त्या सकाळी मला कळलं की या घरात माझ्या बाजूला माझी स्वतःची आठवणसुद्धा उभी राहू देणार नाहीत.

मी भंडाऱ्याला डी.एड. केलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, कारण लग्न होत नव्हतं. एकोडीच्या शाळेत लागले, खोली करून राहिले. साकोलीच्या बाजारात माझा पहिला रेझर घेतला, दुकानदाराला म्हटलं भावासाठी हवा. ब्लेड कसं धरायचं, केस कोणत्या बाजूला झुकतात, अंघोळीनंतर चेहरा मऊ असताना दाढी केली तर कमी सोलतं, हिवाळ्यात तेल आधी लागतं आणि उन्हाळ्यात नंतरही सोसत नाही, हे सगळं मी माझ्याच कातडीवर चुकून चुकून शिकले. मी त्याला दाढीच म्हणते. दुसरा शब्द वापरला तर तुम्ही जिंकलात असं वाटतं. पुढे उशिरा लग्न झालं, इथलाच धानाची शेती असलेला विधुर माणूस. पहिल्या आठवड्यात मी पहाटे उठून न्हाणीत आरसा टेकवून बसले होते आणि आमचे हे दार ढकलून आत आले. मी रेझर खाली ठेवला नाही. म्हटलं, आता जे बोलायचं ते बोलून घ्या. ते म्हणाले, "मायं ब्लेड नको घेजो, बोथट आहे." आणि दार ओढून घेतलं. नंतर त्या विषयावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

मग तुम्हाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, तोंडातून फक्त अं-अं निघायचं, पण समजत सगळं होतं. वहिनीचं बाळंतपण ताजं होतं, आई थकली होती. न्हावी घरी यायचा, पण तुमचा उजवा गाल लोंबलेला, तो त्याच्या हातून कापायचा, मग तो यायचं टाळायला लागला. दाढी वाढली, लाळ गळून ती ओली राहायची, खालची कातडी लाल होऊन सोलायला लागली. भाऊ एकोडीला आला आणि भीतभीत म्हणाला, की बाबाची दाढी करता येते का तुले. त्याला हे विचारायला लाज वाटत होती, तेव्हा त्या सकाळचं त्यालाही माहीत होतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. मी हो म्हटलं. दर एक दिवसाआड शाळेच्या आधी मी स्कूटीने सानगडीला यायला लागले. लोक म्हणाले, पोरगी असावी तर अशी. भावाने हात जोडले. मी सेवेला येत नव्हते, बाबा. तुम्हाला ते पहिल्याच सकाळी कळलं.

मी तुमची दाढी फार चांगली केली. कोमट पाण्याचं फडकं ठेवून केस मऊ करायची, गाल दोन बोटांनी ताणून धरायची, नवं ब्लेड, सरळ हात, कधीच उलटा नाही. कापलं एकदाही नाही. मग गार पाणी, टिपणं, लाळेच्या जागी खोबरेल तेलाचा पातळ थर. तुमची सोललेली कातडी काही दिवसांत बरी झाली. आणि हे करताना मी बोलत होते. खालच्या आवाजात, दर वेळी तीच गोष्ट, फेस लावण्यापासून सुरू करून म्हाताऱ्याच्या हसण्यापर्यंत. बस म्हणालात. खांदा दाबलात. आरसा आईने धरला. चोरून चालवला म्हणालात. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तुम्ही मान वळवायचा प्रयत्न करत होता, पण हनुवटी माझ्या हातात होती. डावा डोळा मिटायचा, उजवा मिटतच नव्हता, तो उघडाच राहून माझ्याकडे पाहायचा. शेवटी मी फळीवरून ती हिरवी बाटली काढायची, तळाशी थोडंसं लोशन उरलं होतं. झाकण उघडून तुमच्या नाकाजवळ धरायची. तुमचा सगळा चेहरा आवळून यायचा. मग मी झाकण लावून बाटली परत ठेवून द्यायची. एकदाही लावलं नाही. दर वेळी फक्त दाखवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आजही नाही.

आईने एकदा दारात उभं राहून सगळं ऐकलं. मी थांबले नाही. मला वाटलं, आता तरी ती मला शिव्या देईल, किंवा तुम्हाला म्हणेल की पोरगी खरं बोलते आहे. ती म्हणाली, "आवाज हळू ठेवजो, सून ऐकते," आणि गेली. पण त्या दिवशी मी निघताना ती स्कूटीजवळ आली. पदराने हात पुसत राहिली आणि मग म्हणाली, "यायच्या मायलेही होती तुयासारखीच. लहानपणी पोट्टे यायले दाढीवालीचा म्हणत." तुमची आई तुम्ही लहान असतानाच गेली, तिचा एक फोटोही घरात नाही. मी विचारलं, हे आजपर्यंत का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तुले सांगून काय होणार होतं." मी गाडी सुरू केली. वाटेत धानाच्या बांध्यांत पाणी भरलेलं होतं आणि मला रडू येत नव्हतं, मला फक्त राग येत होता की आता तुमचा तिरस्कार पूर्वीइतका सोपा राहणार नाही.

त्यानंतर शाळेच्या तपासणीची गडबड होती, त्यामुळे पुढच्या वेळी मी स्वतःची दाढी न करताच आले. त्या सकाळी मी ती जुनी गोष्ट सांगितली नाही. तुमचा गाल टिपून झाल्यावर समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या मायलेही होती म्हणते आई. मंग माया तोंडात तुमाले काय दिसे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग तुमचा डावा हात गादीवरून उठला. तो इतका हळू वर आला की मला आधी कळलंच नाही कुठे चालला आहे. तुमची बोटं माझ्या हनुवटीला लागली, आणि जबड्याच्या कडेने, खुंट वाढलेले होते तिथून, कानापर्यंत गेली, परत आली, परत गेली. दाबत नव्हता, टोचत नव्हता. तुम्ही मला हात लावत होता की तुमच्या आईला, ते मला आजही सांगता येत नाही. चिडवत होता असंही असेल. मी तुमचा हात धरला, गादीवर ठेवला, आणि वाटी-ब्रश धुवायला उठले.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुम्ही गेलात. शेवटची दाढीही मीच केली. नात्यातल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण भावाने करू दिली. सरळ हात, गार पाणी, टिपणं. टिपून झाल्यावर मी सवयीने थांबले, गाल कुठे लाल होतो का पाहायला. झाला नाही. ती हिरवी बाटली मी कोणाला न सांगता उकिरड्यावर टाकली. आई पुढे चार-पाच वर्षं राहिली, तीही गेली, आणि तिने त्या सकाळबद्दल एक शब्द काढला नाही.

हे मी कोणाला दाखवणार नाही, आणि पाठवायला तर तुमचा पत्ताच नाही. नातीलाही सांगणार नाही. तिला विचारायला मी आहे, तेवढं पुरे. पण एक गोष्ट वर लिहायची मी टाळली. तुमचा हात उठला होता त्याच्या पुढच्या वेळी मला शाळेची काही घाई नव्हती. पाणी तापलेलं होतं, रेझर हाताशी होता, आणि तरी मी दाढी न करताच सानगडीला आले. तुमचं सगळं आटोपून तुमच्या डाव्या बाजूला, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर, बसून राहिले. शाळेची वेळ टळून गेली तरी बसले. तुम्ही जागे होता. हात काही उठला नाही.